न आलेल्या आकड्याचे काय करायचे?

कोल्हापूर जिल्ह्यात ज्याच्या दारात एक म्हैस आहे, त्याला दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब कुणी समजावून सांगावा लागत नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचे. सेक्रेटरी लिटर मोजतो, नमुना यंत्राला लावतो, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) किती लागला ते पाहतो आणि तक्त्यावरून दर ठरतो. दहा दिवस भरले की वीस नोंदींची बेरीज, त्यातून कपाती वजा, उरलेले पैसे खात्यावर. कपाती ज्याच्या त्याच्या वेगळ्या. कुणी सरकी पेंड उधारीवर नेलेली असते, कुणी उचल घेतलेली असते, कुणाच्या जनावराच्या विम्याचा हप्ता असतो. एखाद्याची काहीच कपात नसते, आणि तो दहाव्या दिवशी जरा ताठ मानेने येतो.

सगळा महाराष्ट्र ज्याला ‘गोकुळ’ म्हणून ओळखतो तो कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९६३ सालचा. गावोगावच्या संस्थांचा हिशेब तेव्हा वहीत होता, आता संगणकात आहे. वहीत लिहिणारा माणूस एखादा रकाना रिकामा दिसला की थांबायचा, डोके खाजवायचा, शेजाऱ्याला विचारायचा. संगणक थांबत नाही. रिकाम्या रकान्याचे काय करायचे हे त्याला आधीच कुणीतरी सांगून ठेवलेले असते, किंवा कुणीच सांगितलेले नसते आणि तो आपल्या मनाने पुढे जातो. जावास्क्रिप्टपुरते बोलायचे तर हे ‘आपल्या मनाने’ म्हणजे नेमके कसे, हाच या छोट्या पुस्तकाचा विषय आहे.

विषय दोन प्रश्नांत मांडता येतो. फंक्शनला हवी तेवढी मूल्ये आलीच नाहीत तर काय? आणि किती मूल्ये येणार हे आधी ठाऊकच नसेल तर काय? पहिल्याचे उत्तर डीफॉल्ट पॅरामीटर, दुसऱ्याचे रेस्ट पॅरामीटर. कोणत्याही जाडजूड इंग्रजी पुस्तकात या दोघांना मिळून दीड-दोन पाने मिळतात. राजारामपुरीच्या गल्ल्यांतल्या क्लासमध्ये हा भाग एका तासाच्या शेवटच्या वीस मिनिटांत उरकतो, कारण लिहायला तो फार सोपा आहे: नावापुढे बरोबरचे चिन्ह आणि एक मूल्य, किंवा नावाआधी तीन टिंबे. झाले. व्याकरण खरोखर एवढेच आहे. पण पैशाचे आकडे चुकतात ते व्याकरणात नाही, त्या बरोबरच्या चिन्हामागे घेतलेल्या निर्णयात चुकतात. म्हणून स्वतंत्र पुस्तक.

पुढे जाण्याआधी दोन शब्दांची फोड करून ठेवतो. पॅरामीटर म्हणजे फंक्शन लिहिताना कंसात दिलेले नाव. अर्ग्युमेंट म्हणजे ते फंक्शन वापरताना त्या नावाच्या जागी पाठवलेले मूल्य. सी भाषेत किंवा पायथनमध्ये तीन पॅरामीटरच्या फंक्शनला दोनच अर्ग्युमेंट दिली तर ती भाषा तिथल्या तिथे तक्रार करते. जावास्क्रिप्ट ब्रही काढत नाही. कमी पाठवा, उरलेल्या नावांत अनडिफाइन्ड भरून ती कामाला लागते. जास्त पाठवा, जादाचे बाजूला ठेवून कामाला लागते. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केपसाठी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला, तेव्हा ती वापरणारा माणूस म्हणजे वेबपानात चार ओळी घालणारा हौशी माणूस असेल असा होरा होता. त्याला पावलोपावली अडवणे बरे दिसले नसते. आज त्याच भाषेत बँकेचे व्यवहार चालतात आणि दुधाची बिले निघतात, पण तिचा हा भिडस्त स्वभाव गेलेला नाही. जाणारही नाही, कारण तो बदलला तर जुनी अगणित पाने एका रात्रीत बंद पडतील.

कमी आलेल्या मूल्याची सोय भाषेत नव्हती तेव्हा लोकांनी ती स्वतः केली. १९९७ साली भाषेचे पहिले प्रमाणित रूप आले, २००९ साली पाचवी आवृत्ती आली, आणि या सगळ्या काळात जगभरच्या प्रोग्रॅमरांनी एकच युक्ती लाखो वेळा लिहिली. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत:

हप्ता = हप्ता || ५००;

दोन उभ्या रेघा म्हणजे ‘किंवा’. हप्ता आला असेल तर तो घ्या, नाहीतर पाचशे धरा. वाचायला सुटसुटीत, लिहायला लहान, आणि बहुतेक वेळा बरोबर. या ‘बहुतेक वेळा’नेच घात केला. त्या दोन रेघा ‘आला आहे का’ असे विचारतच नाहीत. त्या विचारतात, ‘हे मूल्य खरे मानण्याजोगे आहे का?’ आणि जावास्क्रिप्टच्या लेखी अनडिफाइन्ड, नल, नॅन (म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’), फॉल्स, रिकामी अक्षरमाळ आणि शून्य हे सगळे एकाच पंगतीत बसतात, खोट्यांच्या.

आता समजा, एका सभासदाने म्हैस घ्यायला उचल काढली होती. दर बिलाला पाचशेचा हप्ता जात होता. उचल फिटली. सेक्रेटरीने इमानदारीने हप्त्याच्या रकान्यात शून्य घातले. पुढच्या बिलाला प्रोग्रॅमने ते शून्य पाहिले, ‘हे काही खरे नाही’ म्हणाला, आणि पाचशे कापले. कुठेही लाल अक्षरे नाहीत, प्रोग्रॅम बंद पडला नाही, बिल छापून बाहेर आले. सभासद भांडायला आला तर सेक्रेटरी त्याला रकाना उघडून दाखवणार की बघ बाबा, शून्यच आहे. दोघेही खरे बोलत असतात. अशी चूक शोधायला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण ती जिथे आहे त्या ओळीकडे बघून कुणालाही वावगे वाटत नाही.

भाषेच्या सहाव्या आवृत्तीत, म्हणजे जून २०१५ मध्ये, डीफॉल्ट पॅरामीटर अधिकृतपणे आले. फायरफॉक्सने ते २०१२ मध्येच, पंधराव्या आवृत्तीत, देऊन टाकले होते. क्रोममध्ये २०१६ उजाडले. आणि इंटरनेट एक्सप्लोररला ते शेवटपर्यंत जमलेच नाहीत. ज्यांनी सरकारी कार्यालयांतल्या जुन्या संगणकांसाठी पाने बनवली आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आता लिहायचे ते असे:

फंक्शन बिल(रक्कम, हप्ता = ५००)

इथे शून्य पाठवले तर शून्यच राहते. रिकामी अक्षरमाळ पाठवली तर तीही तशीच राहते. डीफॉल्ट लागू होतो तो एकाच परिस्थितीत, मूल्य अनडिफाइन्ड असेल तर. मग ते पाठवलेच नसेल किंवा मुद्दाम ‘अनडिफाइन्ड’ असे लिहून पाठवले असेल, दोन्ही सारखेच. नियम इतका नेमका झाला म्हणून प्रश्न मिटला असे वाटते. मिटला नाही, त्याने फक्त जागा बदलली. आता गाठ पडते नलशी.

कोल्हापुरात मिसळ सांगितली की सोबत ब्रेड येतो. ब्रेडबद्दल काहीच न बोलणारे गिऱ्हाईक आणि ‘ब्रेड नको’ असे स्पष्ट सांगणारे गिऱ्हाईक यांत वाढप्याला फरक कळतो. अनडिफाइन्ड म्हणजे काहीच न बोलणे. नल म्हणजे ‘नको’, किंवा ‘इथे काही नाही हे मला ठाऊक आहे’. डीफॉल्ट पॅरामीटर पहिल्याला ब्रेड देतो, दुसऱ्याला देत नाही, आणि हे अगदी बरोबर आहे. पंचाईत एवढीच की नल पाठवणाऱ्याला दर वेळी ‘नको’ म्हणायचे असतेच असे नाही. डेटाबेसमधला न भरलेला रकाना नल म्हणून बाहेर येतो. सर्व्हरकडून ब्राउझरकडे माहिती जेसन रूपात जाते, आणि जेसनमध्ये अनडिफाइन्ड नावाची चीजच नाही. ऑब्जेक्टमधल्या एखाद्या नावापुढे अनडिफाइन्ड असेल तर जेसन करताना ते नावच गळून पडते; तेच ॲरेमध्ये असेल तर त्याचे नल होऊन जाते. म्हणजे एकच रिकामी जागा कोणत्या डब्यातून प्रवास करते यावर ती पलीकडे मुकी पोचणार की ‘नको’ म्हणत पोचणार हे ठरते. पुस्तकातले दुसरे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे ते यामुळे, आणि ते कापून लहान करायची सूचना मी मानलेली नाही.

मघाच्याच उदाहरणात हप्ता नल आला तर? डीफॉल्टचे पाचशे लागू होत नाहीत. पुढे रक्कम वजा नल असे गणित होते, आणि वजाबाकीत जावास्क्रिप्ट नलला शून्य धरते. मघाशी फिटलेल्या उचलीचे पाचशे कापले जात होते. आता न फिटलेल्या उचलीचा हप्ता बिनबोभाट राहून जातो. मघाशी सभासद बुडत होता, आता संस्था. त्या जागी अनडिफाइन्ड असते तर उत्तर नॅन आले असते, बिलावर काहीतरी विचित्र छापले गेले असते आणि निदान कुणाच्या तरी लक्षात आले असते. माझे मत विचाराल तर नॅन हा प्रोग्रॅमरचा मित्र आहे. तो बोंब मारतो. शून्य बोंब मारत नाही.

२०२० च्या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर आला, ??, तो नेमका या मधल्या फटीसाठी. डावीकडे नल किंवा अनडिफाइन्ड असेल तरच तो उजवीकडचे मूल्य घेतो. शून्याला, रिकाम्या अक्षरमाळेला, नॅनला हात लावत नाही. बाहेरून येणाऱ्या माहितीवर तो वापरावा आणि आपल्याच फंक्शनांमधल्या आपसांतल्या व्यवहारात डीफॉल्ट पॅरामीटर वापरावा, अशी विभागणी मी करतो. इतरांनी करावीच असा आग्रह नाही. मात्र दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये मनाला येईल तसे वापरले तर सहा महिन्यांनी आपलाच कोड आपल्याला परका होतो. आणि ?? व || ही जोडी कंस न घालता एका ओळीत लिहिली तर भाषा चक्क व्याकरणाची चूक म्हणून थांबते. एरवी इतकी सोशिक भाषा इथे अडते, हे मला आवडते.

आपल्याकडच्या एका खास अडचणीची नोंद इथेच करून ठेवतो. मराठी कीबोर्डवरून कुणी रकान्यात देवनागरी आकडे टाइप केले, १० असे, तर जावास्क्रिप्ट त्याचा आकडा करू शकत नाही. हाती येतो नॅन. आणि नॅनवर डीफॉल्ट पॅरामीटर लागू होत नाही. रकाना कोराच ठेवला तर फॉर्ममधून येते रिकामी अक्षरमाळ, आणि तिचा आकडा केला की होतो शून्य. म्हणजे मनापासून भरणाऱ्याचा नॅन आणि न भरणाऱ्याचा शून्य. इंग्रजी पुस्तकांत यांपैकी पहिली अडचण सापडत नाही, कारण ती त्यांची नाही.

डीफॉल्टचे मूल्य केव्हा तयार होते, हा वरवर किरकोळ वाटणारा आणखी एक प्रश्न. पायथनमध्ये ते फंक्शन लिहिले जाते त्या क्षणी एकदाच तयार होते. तिथे कुणी बिलाच्या तारखेचा डीफॉल्ट म्हणून ‘आत्ताची तारीख’ असे लिहिले, तर प्रोग्रॅम ज्या दिवशी सुरू झाला त्याच तारखेची बिले पुढे दिवसेंदिवस निघत राहतात. जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनला प्रत्येक वेळी हाक मारताना, आणि मूल्य आले नसेल तरच, डीफॉल्ट नव्याने काढला जातो. त्यामुळे इथे तारखेचा डीफॉल्ट सुखाने लिहावा. त्या जागी नल आला तर मात्र पुन्हा तीच गंमत: नलपासून बनवलेली तारीख निघते १ जानेवारी १९७०, आणि भारतीय वेळेनुसार पहाटेचे साडेपाच. दुधाच्या बिलावर पहाटेची वेळ शोभून दिसेलही, पण १९७० कसे खपवणार?

हाक मारताना डीफॉल्ट काढला जातो म्हणूनच त्यात नुसते मूल्य नव्हे, आख्खे गणित लिहिता येते, आणि त्या गणितात आधीच्या पॅरामीटरांचा आधार घेता येतो. लॅक्टोमीटरचे रीडिंग आणि फॅट हाताशी असली की एसएनएफ सूत्राने निघतो. म्हणून असे लिहिणे चालते:

फंक्शन दर(फॅट, रीडिंग, एसएनएफ = एसएनएफकाढा(फॅट, रीडिंग))

क्रम डावीकडून उजवीकडे. एसएनएफ पहिला लिहिला आणि त्याच्या डीफॉल्टमध्ये पुढच्या फॅटचे नाव घेतले, तर ज्या दिवशी तो डीफॉल्ट खरोखर लागतो त्या दिवशी प्रोग्रॅम मोडतो. ‘ज्या दिवशी लागतो त्या दिवशी’ हे शब्द नीट वाचा. एसएनएफ रोज येत असेल तर ही चूक महिनोन्‌महिने झोपून राहते.

आता ज्या मुद्द्यासाठी हे पुस्तक लिहावेसे वाटले, त्याकडे येतो. डीफॉल्ट लिहिता येतो म्हणून तो लिहावा का?

दूध खरेदीत म्हशीच्या दुधाची प्रत ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ अशी धरतात, गाईची ३.५ आणि ८.५. दराच्या जाहिराती याच प्रतीला लागून येतात. हे आकडे ठाऊक असलेला हुशार विद्यार्थी फंक्शन लिहितो:

फंक्शन दूधबिल(प्राणी, लिटर, फॅट = प्राणी === 'म्हैस' ? ६ : ३.५)

व्याकरण निर्दोष. आधीच्या पॅरामीटरवरून डीफॉल्ट ठरवण्याची युक्तीही सुंदर. परीक्षेत पैकीच्या पैकी द्यावेत. आणि हे फंक्शन मी डेअरीत चालू देणार नाही. म्हशीची फॅट सात, साडेसात लागते तेव्हा त्या शेतकऱ्याने तिच्यापुढे टाकलेल्या पेंडीचे पैसे त्या वरच्या दीड पॉइंटात असतात. एखाद्या संध्याकाळी वीज गेली, यंत्र बंद राहिले, नमुना लागला नाही, फॅटचा रकाना रिकामा राहिला, आणि फंक्शनने मुकाट्याने सहा धरली. बिलावर ६.० छापले जाईल आणि ते मोजल्यासारखे दिसेल. कुणीही न मोजलेला आकडा मोजलेल्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि मग त्याला वेगळे काढायची सोय उरत नाही.

जे रिवाजाने ठरते त्याला डीफॉल्ट असावा: बिल दहा दिवसांचे, पैसे रुपयांत, तारीख आजची. जे मोजावे लागते त्याला डीफॉल्ट नसावा. नियम इतका साधा आहे, पण प्रत्यक्षात सीमारेषेवरचे आकडेच जास्त भेटतात. कपातीचा हप्ता रिवाज की मोजमाप? माझ्या मते दोन्ही नव्हे, तो करार आहे, आणि कराराचा आकडा कागदावरून आला पाहिजे, फंक्शनच्या कंसातून नव्हे. वरचे पाचशेचे उदाहरण मुळातच गैर होते ते या अर्थाने. कितीही नवे ऑपरेटर आले तरी ते तिथे शोभले नसते.

मग फॅट आलीच नाही तर काय? डीफॉल्टच्या जागेचाच उलटा उपयोग करता येतो. ‘अनिवार्य’ नावाचे एक छोटे फंक्शन लिहायचे, ज्याचे काम एकच, ‘अमुक मूल्य आलेले नाही’ असे ओरडून चूक उभी करणे. मग

फंक्शन दूधबिल(प्राणी, लिटर, फॅट = अनिवार्य('फॅट'))

असे लिहिले की फॅट आली तर ‘अनिवार्य’ चालतच नाही, आणि नाही आली तर बिल तिथेच थांबते. ही युक्ती माझी नाही, जुनी आणि प्रसिद्ध आहे. नल मात्र इथूनही निसटतो, त्यामुळे फंक्शनच्या आत त्याची वेगळी चौकशी करावी लागते. ती कशी, ते तिसऱ्या प्रकरणात आहे.

दुसरा प्रश्न, किती येणार हे ठाऊक नसण्याचा, स्वभावाने जास्त खेळकर आहे. जुन्या जावास्क्रिप्टमध्ये प्रत्येक साध्या फंक्शनच्या आत ‘अर्ग्युमेंट्स’ नावाची वस्तू आपोआप हजर असे, अजूनही असते. पाठवलेले सगळे काही तिच्यात. ती दिसते ॲरेसारखी, तिला लांबी आहे, क्रमांक आहेत. पण ती ॲरे नाही. तिच्यावर मॅप, फिल्टर, रिड्यूस काही चालत नाही. चालवायचे तर आधी ॲरेचे स्लाइस उसने आणून तिला ॲरे बनवावे लागे, आणि ती ओळ जुन्या कोडमध्ये मंत्रासारखी सापडते. त्याहून विचित्र म्हणजे स्ट्रिक्ट मोड (भाषेची कडक नियमांची पद्धत) नसेल तर ही वस्तू आणि पॅरामीटर एकमेकांना बांधलेले असतात: पहिला पॅरामीटर बदलला की अर्ग्युमेंट्समधला पहिला आकडाही बदलतो. फंक्शनमध्ये एक जरी डीफॉल्ट किंवा रेस्ट पॅरामीटर आला की हे बंधन सुटते. बाणाच्या चिन्हाने लिहिलेल्या फंक्शनांना स्वतःची अर्ग्युमेंट्स नसतेच. ती बाहेरच्या फंक्शनची उचलतात, आणि नवशिका गोंधळतो. नव्या कोडमध्ये अर्ग्युमेंट्स लिहू नये, जुन्या कोडमध्ये दिसली तर ओळखता यावी, एवढेच यावरच्या प्रकरणाचे उद्दिष्ट.

२०१५ नंतरची पद्धत:

फंक्शन निव्वळ(रक्कम, ...कपाती)

तीन टिंबांनंतरच्या नावात उरलेली सगळी मूल्ये खऱ्याखुऱ्या ॲरेत गोळा होतात. असा पॅरामीटर एकच असतो आणि शेवटीच असतो. त्याच्यामागे स्वल्पविरामही चालत नाही. त्याला डीफॉल्ट देता येत नाही, आणि गरजही नाही, कारण काहीच आले नाही तर तो अनडिफाइन्ड नसतो, रिकामा ॲरे असतो. ज्याची काही कपात नाही तो ताठ मानेचा सभासद आठवा. त्याच्या वाट्याचा रिकामा ॲरे घेऊन आपण कपातींची बेरीज रिड्यूसने करायला गेलो आणि सुरुवातीचे मूल्य शून्य द्यायला विसरलो, तर प्रोग्रॅम मोडतो. बाकी सगळ्यांची बिले निघतात, याचेच निघत नाही.

गंमत अशी की हे रिड्यूस स्वतःच एक ऐच्छिक अर्ग्युमेंट घेणारे फंक्शन आहे आणि ते डीफॉल्ट पॅरामीटरच्या नियमाने चालत नाही. सुरुवातीचे मूल्य म्हणून अनडिफाइन्ड लिहून पाठवले तर ते ‘पाठवले’ असे धरते. अजिबात न लिहिले तरच ‘पाठवले नाही’ म्हणते. म्हणजे ते मूल्य बघत नाही, मोजदाद बघते. तारखेचेही तसेच: कंस रिकामा ठेवला तर आत्ताची तारीख, कंसात अनडिफाइन्ड लिहिले तर अवैध तारीख. भाषेतल्या जुन्या फंक्शनांत अशा खोडी पुष्कळ आहेत. ॲरे बनवणाऱ्या फंक्शनला ७ आणि ८ दिले तर दोन आकड्यांचा ॲरे मिळतो, नुसते ७ दिले तर सात रिकाम्या जागांचा. या एका खोडीपायी २०१५ मध्ये वेगळे ‘ॲरे ऑफ’ काढावे लागले.

गोळा करणारी तीच तीन टिंबे हाक मारताना लिहिली की उलटे काम करतात, ॲरे सोडून त्यातले एकेक मूल्य वेगळे पाठवतात. दहा दिवसांतली सर्वांत जास्त फॅट काढायची तर मॅथ मॅक्सला ‘...फॅटनोंदी’ असे द्यायचे. वीस नोंदींना हे उत्तम. पण दोनशे सभासदांच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ धरून वर्षाच्या १,४६,००० नोंदी होतात, आणि तेवढी अर्ग्युमेंट एका दमात पाठवायला गेले तर इंजिन हात टेकू शकते. मर्यादा प्रत्येक इंजिनाची वेगळी, म्हणून विसंबू नये. आणि नोंदी मुळीच नसतील, म्हैस आटली आहे, तर मॅथ मॅक्सचे उत्तर येते उणे अनंत. गणिताच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे. बिलावर ते छापून सभासदाच्या हातात द्यायची हिंमत कुणी करू नये.

जादाची अर्ग्युमेंट निमूट बाजूला ठेवण्याच्या सवयीचाही एक तोटा आहे, आणि तो मुलाखतीत हमखास विचारतात. '१०', '१०', '१०' अशा तीन अक्षरमाळांच्या ॲरेवर मॅपला थेट पार्सइंट दिले की उत्तर येते १०, नॅन, २. मॅप प्रत्येक वेळी तीन गोष्टी पाठवतो: मूल्य, क्रमांक आणि मूळ ॲरे. पार्सइंट दोन घेतो, आणि दुसरी म्हणजे संख्यापद्धतीचा पाया. क्रमांक ० ला तो नेहमीचा दशमान पाया धरतो, १ हा पाया असू शकत नाही म्हणून नॅन, आणि २ पाया धरल्यावर ‘१०’ म्हणजे दोन. पुण्याला हिंजवडीत मुलाखतीला जाणाऱ्या मुलांनी उत्तर पाठ करू नये, पाठवणारा किती पाठवतो आणि घेणारा किती घेतो हे कागदावर मांडून पाहावे.

पाच-सहा पॅरामीटर आणि त्यांतले चार ऐच्छिक असे फंक्शन झाले की मधली मूल्ये वगळायला ‘अनडिफाइन्ड, अनडिफाइन्ड’ असे लिहीत बसावे लागते. तिथे एकच ऑब्जेक्ट घ्यावा, कंसातच त्याची नावे सोडवावीत, नावागणिक डीफॉल्ट द्यावा आणि शेवटी आख्ख्या ऑब्जेक्टलाही रिकाम्या ऑब्जेक्टचा डीफॉल्ट द्यावा. हे शेवटचे राहिले तर काहीच न पाठवता मारलेली हाक मोडते. त्यावर एक प्रकरण आहे. सरळ विषय आहे, भरभर वाचून होईल.

आता पुस्तकाच्या मांडणीबद्दल. उदाहरणांतली नावे मी देवनागरीत ठेवली आहेत. जावास्क्रिप्टला ती चालतात, काना-मात्रांसकट. ‘फंक्शन’, ‘रिटर्न’ हे भाषेचे स्वतःचे शब्द आणि गणितातले आकडे मात्र संगणकावर रोमनमध्येच टाइप करावे लागतात. छापील पानावर वाचायला सोपे जावे म्हणून इथे सगळे देवनागरीत दिले आहे. कंपनीत कुणी तुम्हाला अशी नावे लिहू देणार नाही हेही खरे. पण शिकताना ‘कपाती’ हा शब्द वाचून ज्याला कपाती दिसतात त्याचे लक्ष कपातींवर राहते. टाइपस्क्रिप्टला मी मुद्दाम हात लावलेला नाही. तिथे ऐच्छिक पॅरामीटरला प्रश्नचिन्ह लावता येते आणि बऱ्याच चुका आधीच पकडल्या जातात. पण डेटाबेसमधून येणारा नल चालू प्रोग्रॅममध्ये ती अडवत नाही, आणि आपले दुखणे तिथलेच आहे.

दिवाळीला मिळणाऱ्या दूध दर फरकाचे फंक्शन शेवटच्या प्रकरणात पूर्ण लिहिले आहे. वर्षभराच्या नोंदी, काही सभासद मध्येच आलेले, काही सोडून गेलेले, काहींनी एकच महिना दूध घातलेले. एक प्रश्न मी त्यात सोडवलेला नाही: ज्या वेळची फॅट नोंदच झाली नाही त्या दुधाला फरक कोणत्या दराने द्यायचा? आदल्या वेळची फॅट धरायची, दहा दिवसांची सरासरी धरायची, की प्रतीची सहा धरायची, हे संस्थेने सभेत ठरवावे आणि मग ते फंक्शनमध्ये उतरावे. तिन्ही पर्याय लिहून दिले आहेत, प्रत्येकाला वेगळे नाव दिले आहे, आणि त्यांतला एकही डीफॉल्ट केलेला नाही.

पहिले प्रकरण उघडण्याआधी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून कन्सोल उघडा आणि एकच पॅरामीटर असलेले, त्याला ५०० चा डीफॉल्ट दिलेले, तोच परत करणारे फंक्शन लिहा. त्याला क्रमाने काहीच न देता, मग अनडिफाइन्ड, नल, शून्य, रिकामी अक्षरमाळ आणि नॅन देऊन हाक मारा. प्रत्येक वेळी उत्तर काय येईल ते आधी कागदावर लिहा, मग एंटर दाबा. त्यानंतर तेच फंक्शन दोन उभ्या रेघांनी लिहा, आणि पुन्हा दोन प्रश्नचिन्हांनी. तीन फंक्शने, सहा मूल्ये, अठरा उत्तरे होतात. तो कागद पुस्तकातच ठेवा, चौथ्या प्रकरणापर्यंत तो वारंवार लागणार आहे.